लोकरीची करवत

दोन वर्षांपूर्वी मुन्सियारीहून परत येताना माझ्या सॅकमध्ये आठ लडी लोकर होती.

मुन्सियारी उत्तराखंडातल्या पिथौरागढ जिल्ह्यात आहे. समोर पंचाचुलीची पाच शिखरं दिसतात. आम्ही पुण्याहून ट्रेकला गेलो होतो. तिथल्या शौका बायका (बाहेरचे लोक त्यांना भोटिया म्हणतात) पिढ्यानपिढ्या लोकरीचं काम करत आल्या आहेत. १९६२पर्यंत या खोऱ्यातल्या लोकांचा तिबेटशी व्यापार चालायचा आणि लोकरही त्याच वाटेनं यायची. युद्धानंतर ती वाट बंद झाली. हातातलं कसब मात्र राहिलं.

ज्या आजींकडून मी लोकर घेतली, त्यांनी ती टकळीवर कातली होती आणि घरीच रंगवली होती. प्रत्येक लडीचं एक टोक अक्रोडाच्या सालीच्या रंगात बुडवलेलं, दुसरं टोक मंजिष्ठेच्या, आणि मधला भाग कोरा. म्हणजे दोरा हातात धरून पुढे गेलं की तपकिरी, मग पांढरट, मग विटकरी, परत पांढरट, परत तपकिरी. जाडीही सारखी नव्हती. कुठे शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जास्त, कुठे पेन्सिलीच्या शिसाहून जाड.

“क्या बनाओगी?” त्यांनी विचारलं.

मी फोन काढून फोटो दाखवला. पुरुषाचा स्वेटर, छातीवर तीन जाड वेण्या, दोन्ही बाजूंना मधाच्या पोळ्यासारखी वीण. बाबांच्या साठीला द्यायचा होता. पॅटर्न सहा महिन्यांपूर्वीच विकत घेतला होता. फक्त लोकर मिळायची बाकी होती.

“अच्छा है,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी पैसे मोजले. यात कुठला गूढ इशारा होता असं मी म्हणणार नाही. त्या लोकर विकत होत्या, मी घेत होते. पण ‘फक्त लोकर मिळायची बाकी होती’ या वाक्यातला ‘फक्त’ मला आता टोचतो.

पुढचे तीन महिने मी विणत होते. ऑफिस सुटल्यावर, प्रवासात, कॅमेरा बंद ठेवता येईल अशा मीटिंगांमध्ये. पहिल्या वेणीचे चार वळसे झाले तरी वेणी काही दिसेना. हाताला लागायची, डोळ्यांना नाही. कारण साधं आहे, पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं. विणलेली वेणी दिसते ती सावलीमुळे. वर आलेल्या टाक्यांवर उजेड पडतो, आत गेलेल्या टाक्यांवर अंधार. लोकर एका रंगाची असेल तर ही उजेड-सावली लगेच कळते. लोकरच दर काही इंचांवर गडद-फिकी होत असेल, तर डोळा रंगामागे धावतो आणि सावली हरवते. मी तासन्‌तास जे कष्ट घेत होते, ते रंग पुसून टाकत होते.

दुसरी भानगड गणिताची होती. लडीचा एक वेढा साधारण १५० सेंटिमीटरचा होता, म्हणजे दर १५० सेंटिमीटरनंतर तोच रंग परत येणार. मी गोल सुईवर १६० टाके घेतले होते आणि एका टाक्याला साधारण १.९ सेंटिमीटर दोरा लागत होता. गुणाकार ३०४. म्हणजे दोन वेढे आणि वर चार सेंटिमीटर. त्यामुळे प्रत्येक फेरीत तपकिरी रंग जवळजवळ मागच्या फेरीतल्याच जागी येऊन बसायचा, दोनच टाके सरकून. बघता बघता पोटावर एक आणि पाठीवर एक असे दोन तिरके तपकिरी डाग तयार झाले. चहा सांडल्यासारखे. मॉड्युलो शिकून सात-आठ वर्षं झाली होती, आणि ते मला बाबांच्या पोटावर भेटलं.

बाही सुरू करण्याआधी जे झालं होतं ते धुऊन पाहिलं. कपडा चार इंच लांबला. वेण्यांच्या विणीला साध्या विणीपेक्षा जास्त लोकर लागते, वजन वाढतं, आणि ही मऊ, सैल पिळाची लोकर ते वजन पेलू शकत नव्हती. सुरुवातीला मी वीस टाक्यांचा तुकडा विणून मोजला होता, पण तो न धुता. घाई होती. पॅटर्न तर ठरलेलाच होता.

स्वेटर घेऊन मी नाशिकला मावशीकडे गेले. मावशीनं आमच्या अख्ख्या खानदानाला स्वेटर घातले आहेत आणि तिनं आयुष्यात कधी पॅटर्न विकत घेतलेला नाही. तिनं स्वेटर उलटा-सुलटा केला, डागावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “उसवावा लागेल गं.”

उसवायला बसलो. इथे मला दुसरा धडा मिळाला. गिरणीची लोकर उसवली की सुरसुर निघते. हातानं कातलेली लोकर, तीही एकदा धुतलेली, तशी निघत नाही. तंतू एकमेकांना धरून बसलेले असतात. ओढलं की बारीक जागी तुटतं. संध्याकाळपर्यंत आठातल्या दोन लडींचे नुसते तुकडे झाले होते. माझ्या नोकरीत चूक उलटवायला एक कमांड पुरते, आणि मागची आवृत्ती जशीच्या तशी परत मिळते. इथे परत मिळालेली लोकर पहिल्यासारखी नव्हती.

“त्या बाईंनी किती दिवस कातलं असेल हे?” मावशी तुकडे गोळा करता करता म्हणाली.

“पैसे दिलेत ना मी. घासाघीससुद्धा नाही केली.”

“हो, ते खरंच,” मावशी म्हणाली, आणि विषय तिच्याकडून संपला.

माझ्याकडून संपला नाही. मला नेमकं कशाचं वाईट वाटत होतं? लोकर वाया गेली याचं, हे उघड आहे. पण त्यात अपराधासारखं काहीतरी होतं, आणि अपराध म्हटला की तो कुणाचा तरी लागतो. लोकरीवर अन्याय होऊ शकत नाही, तिला काही होत नाही. आजींवर? त्यांना मागितलेली किंमत मिळाली. त्या लोकरीचं काय झालं हे त्यांना कधी कळणार नाही. व्यवहार पुरा झाला होता. माझी लोकर, माझ्या सुया, माझा मूर्खपणा.

तरी विचार करून पाहा. कुणी एखादं पुस्तक पुऱ्या किमतीला विकत घेतलं आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. लेखकाचं मानधन बुडालेलं नाही. कायद्यानं, व्यवहारानं सगळं ठीक. पण त्या पुस्तकात कुणीतरी काहीतरी म्हटलं होतं, आणि ते उघडून बघायचे कष्टसुद्धा घेतले गेले नाहीत. याला अन्याय म्हणता येत नसेल. पण ‘काहीच झालं नाही’ असंही म्हणता येत नाही. पैशानं वस्तू आपली होते. ती काय आहे हे समजून घेण्याचं काम पैशानं होत नाही, ते उरतंच.

इंजिनिअरिंगमध्ये आम्हाला उलट शिकवलं जातं. आधी गरज लिहून काढा, मग आराखडा, मग साहित्य. साहित्य शेवटी येतं आणि ते आराखड्यात बसलं पाहिजे. बसत नसेल तर ते सदोष. ही सवय जुनी आहे. आकार आणि द्रव्य ही फोड ॲरिस्टॉटलनं केली. कांसं हे द्रव्य, पुतळा हा आकार. त्यावरून आपल्या डोक्यात एक चित्र बसलं आहे की आकार हुशार असतो आणि द्रव्य बिचारं वाट बघत पडलेलं असतं. खुद्द ॲरिस्टॉटल मात्र इतका भोळा नव्हता. ‘मेटाफिजिक्स’मध्ये त्यानं म्हटलं आहे की कारागीर कितीही असला तरी लोकरीची किंवा लाकडाची करवत बनवू शकणार नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मी तीन महिने लोकरीची करवतच करत होते.

पण ‘साहित्याचा स्वभाव ओळखा’ एवढ्यावर हे थांबत नाही. हातानं कातलेली लोकर हे नुसतं साहित्य नसतं. डेव्हिड पाय या इंग्लिश लाकूड-कारागिरानं १९६८ साली ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो कामाचे दोन प्रकार सांगतो. एकात निकाल आधीच पक्का असतो, यंत्र सुरू केलं की ठरलेलंच बाहेर पडतं. दुसऱ्यात शेवटपर्यंत जोखीम असते, कारागिराच्या हातावर आणि लक्षावर प्रत्येक क्षणी सगळं अवलंबून असतं. गिरणीची लोकर पहिल्या प्रकारची. तिच्या वेष्टनावर रंगाच्या घाण्याचा नंबर छापलेला असतो, आणि त्या नंबरचे सगळे गुंडे सारखेच असतात. ती मुद्दाम अशी बनवलेली असते की कुठल्याही पॅटर्नला तिनं नाही म्हणू नये.

टकळीवरची लोकर दुसऱ्या प्रकारची. तिला पीळ किती द्यायचा, तंतू एका दिशेनं विंचरून घ्यायचे की पिंजून गोंधळलेले ठेवायचे, दोन पदर की तीन, लडी रंगात किती बुडवायची आणि कधी काढायची, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. सैल पीळ म्हणजे ऊब जास्त, टिकाऊपणा कमी. घट्ट पीळ म्हणजे उलट. म्हणजे स्वेटरबद्दलचे निम्मे निर्णय माझ्या हातात लोकर येण्याआधीच घेतले गेले होते, आणि ते घेणारी व्यक्ती समोर नव्हती म्हणून मी ते वाचलेच नाहीत. जिच्यासोबत काम करतोय तिचं निम्मं काम न बघता आपलं निम्मं वर दडपणं याला ऑफिसात आपण काय म्हणतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग लोकरीला साजेसा स्वेटर कसा निवडायचा? हे शिकायला मला पुढचं वर्ष लागलं, आणि ते रहस्य वगैरे नाही.

आधी मोठा तुकडा विणायचा, निदान हातभर रुंद. तो धुवायचा, वाळवायचा, थोडा वेळ टांगून ठेवायचा आणि मगच टाके मोजायचे. रंग अनेक असतील तर वीण साधी ठेवायची, किंवा टाके न विणता सरकवून रंगांची रांग मोडायची. एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटा असतील तर वेण्या चालतात. दोन लडी कधीच तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून दोन्ही सुरू ठेवायच्या आणि दर दोन फेऱ्यांनी बदलायच्या. म्हणजे एक लडी संपून दुसरी सुरू होते तिथे पट्टा उमटत नाही. लोकर किती पुरेल याचा भरवसा नसेल तर गळ्यापासून खाली विणायचं, संपली की थांबायचं. बार्बरा वॉकरचं १९७२चं ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ सगळं याच पद्धतीवर आहे.

आणि तयार पॅटर्नच्या आकड्यांना चिकटून बसायचं नाही. एलिझाबेथ झिमरमननं १९७१च्या ‘निटिंग विदाउट टियर्स’मध्ये टक्केवारीची युक्ती दिली आहे. छातीचे टाके म्हणजे १००, मनगटाला त्याचे साधारण २० टक्के, दंडाला ३३. छातीचा आकडा लोकरीच्या धुतलेल्या तुकड्यावरून येतो, बाकी सगळे त्यावरून. प्रोग्रामरला आनंद व्हावा अशी गोष्ट आहे. आकडे कोडमध्ये कोंबलेले नाहीत, इनपुट लोकर देते.

काही ठिकाणी तर लोकरीनंच पॅटर्न घडवले आहेत. कॅनडाच्या व्हँकूवर बेटावरच्या कोस्ट सेलिश बायकांचे कवीचन स्वेटर पाहा. हातानं कातलेलं जाड सूत, न रंगवलेलं, मेंढीचेच पांढरे, करडे, काळे रंग. जाड सुतात बारीक नक्षी बसत नाही, म्हणून त्यांच्यावर मोठमोठे, ठसठशीत आकार असतात. आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि भरड. तिचा स्वेटर केला तर अंगाला टोचेल. धनगर बायका ती कातत आल्या, सनगर विणत आले, चिंचोक्याची खळ लावत आले, आणि त्या लोकरीचं घोंगडं होतं. पावसात मेंढरांमागे उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

इथपर्यंत आले तेव्हा मला वाटलं, सापडलं उत्तर. प्रत्येक गोष्टीचा स्वभाव असतो, तो ओळखावा आणि त्याला साजेसं रूप द्यावं. मी हे ऑफिसातही वापरायला घेतलं. आणि तिथे चुकले.

माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, पहिलीच नोकरी. शांत, चिवट, इतरांच्या कोडमधल्या चुका अचूक हेरणारा. वर्षाच्या शेवटी कुणाला काय काम द्यायचं याची चर्चा झाली, तेव्हा मी सांगितलं, “तो टेस्टिंगचाच माणूस आहे.” वाईट हेतू नव्हता. उलट आपण लोक किती बारकाईनं ओळखतो याचा थोडा अभिमानच होता. आठवड्यानं तो माझ्या टेबलाशी आला. वर्षभर तो रात्री स्वतःचं काहीतरी बनवत होता, ते त्यानं दाखवलं. मग म्हणाला, “पण तू मला एकदाही विचारलं नाहीस.”

घरी येऊन मी ते घोंगड्याचं वाक्य परत मनात म्हणून पाहिलं. ‘ही लोकर घोंगड्याचीच.’ निरुपद्रवी वाक्य आहे. आता त्यातला लोकर हा शब्द काढून तिथे माणूस घाला. हा माणूस घोंगड्याचाच. हा मेंढरांचाच. ही चुलीचीच. आपल्या देशात हे वाक्य किती शतकं म्हटलं गेलं आहे आणि तेसुद्धा ‘स्वभाव’ याच गोड शब्दाच्या आधारानं, हे मला वेगळं सांगायला नको. धनगर आणि सनगर हे शब्द मी वर सहज लिहून गेले, पण ती नुसती कामांची नावं नाहीत. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी आहे, असं आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं. कुणाचा हात कशाला वळतो हे बघून ती वाटणी झालेलीच नाही. जन्मतःच झाली.

मग साहित्य ओळखण्याचा माझा धडा खोटा होता का? मला वाटतं, मी तो अर्धाच शिकले होते. लोकरीचा स्वभाव मला कुठून कळला? मेंढीच्या जातीवरून नाही, गावावरून नाही, लडी पाहूनही नाही. लडी पाहून तर मला वाटलं होतं वेण्या शोभतील. तो कळला तुकडा विणून, धुऊन, टांगून. एकाच लोकरीचा एक तुकडा घट्ट सुयांवर विणला तर एक कापड होतं, सैल सुयांवर विणला तर दुसरंच. म्हणजे ‘ही लोकर अमुकचीच’ हेसुद्धा खरं नाही. ती कशाकशाची होऊ शकते हे प्रयोगाआधी कुणालाच ठाऊक नसतं. ठरवून टाकलेला पॅटर्न लोकरीवर लादणं आणि ठरवून टाकलेला स्वभाव माणसावर लादणं, या दोन चुका मला परस्परविरुद्ध वाटत होत्या. दोन्हींत मी तेच केलं होतं. विणून न पाहता ठरवलं होतं.

आणि माणसाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे, जी लोकरीच्या बाबतीत नाही. त्याला विचारता येतं. विणताना तो बदलतोही, आणि बदलून वेगळं उत्तर देऊ शकतो. म्हणून विचारणं एकदा होऊन संपत नाही.

त्या मुलाला आम्ही एक छोटं मॉड्यूल दिलं. पहिल्या महिन्यात त्यानं दोन गोष्टी मोडल्या. आता बरं चाललंय. तो पुढे काय होईल याचा अंदाज करायचं मी बंद केलं आहे.

बाबांचा स्वेटर यंदाच्या दिवाळीत पूर्ण झाला, साठीला दीड वर्ष उशिरा. धुतलेल्या तुकड्यावरून छातीला १४६ टाके आले, मनगटाला २९, दंडाला ४८. १४६ टाक्यांचं गणितही ३०० सेंटिमीटरच्या आसपासच जात होतं, म्हणून दर दोन फेऱ्यांनी लडी बदलत गेले. साधी सुलट वीण, दर चौथ्या फेरीत काही टाके सरकवलेले. गळ्यापासून खाली. डाग कुठे नाहीत. तपकिरी आणि विटकरी सगळीकडे मिसळलेत, जवळून पाहिलं तरच वेगळे दिसतात. चांगल्या सहा लडी पोटाच्या खालपर्यंत पुरल्या. खालचा काठ आणि मनगटं नाशिकच्या दुकानातल्या करड्या लोकरीची आहेत.

मावशीनं काठ बघितला आणि म्हणाली, “हे वेगळं दिसतंय.”

“दिसू दे,” मी म्हटलं. ते तुकडे गेले नसते तर तिथेही तीच लोकर असती. एका काचेच्या बरणीत ते अजून आहेत, सगळ्यात लांब तुकडा वीतभर. काय करायचं त्यांचं ते ठरलेलं नाही. बाबा मात्र पुण्याच्या थंडीत, जी जेमतेम चार आठवडे असते, रोज सकाळी तो स्वेटर घालून दूध आणायला जातात.